साडेएकोणीस इंचांचे खांदे

लॉस एंजेलिस
१४ सप्टेंबर १९६९, रविवार

चि. व्हर्डी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र आणि मागे तीन शब्द, पोचले, ठीक आहे. तीन शब्दांसाठी तिकीट वाया घालवलंस. बापावर गेली आहेस, तोही घोड्यांशी तासन्‌तास बोलायचा आणि घरी आला की मुका.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. चर्चमध्ये आज सिस्टर होल्टनं सगळ्यांसमोर विचारलं की मोझेल, तुझी पोरगी सिनेमात नाचते का गाते? मी म्हटलं, नाचत नाही, गात नाही, पडते. सगळ्या बाया हसल्या. पडायला पगार देतात तर आमच्या म्हाताऱ्याला ने, तो फुकट पडतो, असं ती म्हणाली. मीही हसले.

आता खरी बातमी. आमच्या कपडेपटाच्या दारावर तुझ्या सिनेमाची छापील यादी लागली आहे. दिग्दर्शकापासून घोड्यांना पाणी पाजणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं. तिसऱ्या पानावर खालून सहावी ओळ: स्टंट, मिस गिब्जची डुप्लिकेट, व्हर्डी पेटिग्रू. आपलं आडनाव मी नेहमी कपड्यांच्या गळ्यातल्या फितीवर शाईनं लिहिते तसं मनात लिहून पाहिलं. तिथंच उभी राहिले. अकरा वर्षं या स्टुडिओचे कपडे धुते, शिवते, आणि त्या फितींवरची नावं लावत लावतच वाचायला शिकले, पण आपलं नाव लावायची वेळ पहिल्यांदा आली. कपडेपटाची मुख्य मिसेस ड्रेशर मागून म्हणाली, मोझेल, ही यादी आहे, वेदी नाही, प्रार्थना आटोपली असेल तर इस्त्री तापली आहे.

वाचनालयात ज्ञानकोशाचा आठवा खंड संपवला. नववा माडीवर आहे. तो लोखंडी गोल जिना मी चढत नाही हे मिस आयडाला ठाऊक आहे, तीच खाली आणून देते. आठव्यात असं लिहिलं होतं की जड वस्तू आणि हलकी वस्तू एकाच वेगानं खाली पडतात. मला हे पटेना. तू मला नीट सांग. पडताना पोटात काय होतं? श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा? पाठीवर पडायचं तर जमीन किती उरली हे कळतं कसं? आणि किती उंचीवरून आहे, ते लपवू नकोस. मी भिणार हे नक्की. पण न सांगितलंस तर जास्त भिईन.

वेळेवर जेव. माया आहेच, ती पत्राच्या लांबीवर मोजत नाही, तरी पत्र लांब लिही.

तुझी आई
मोझेल


ड्राय वेल्स, ॲरिझोना
१९ सप्टेंबर १९६९

ती. आईच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

हे घे लांब पत्र. मी इथं रेल्वेतल्या एका आचाऱ्याच्या घरी उतरले आहे, कारण गावातल्या एकुलत्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी खोली नेमकी कधीच रिकामी नसते. त्याची बायको सिस्टर विनी चवळी चांगली करते, पण मक्याच्या पावात साखर घालते. मी दोन दिवस गप्प राहिले, तिसऱ्या दिवशी म्हणाले की माझी आई हा केक वाढदिवसाला करते. तिनं मला बाहेर काढलं नाही, एवढंच.

उंची बत्तीस फूट. जुन्या मिशनचा घंटेचा मनोरा लाकडाचा उभारला आहे. नायिका मिस गिब्ज, आपल्यातलीच, पिवळ्या फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये वरपर्यंत धावते, मागे डाकू, आणि ती कठड्यावरून मागच्या मागे पडते. धावते ती, पडते मी.

खाली रिकामी पुठ्ठ्याची खोकी रचतात. तोंडं बंद न करता, एकावर एक, मध्ये हवा राहील अशी. वर गाद्या, आणि सगळ्याला बाहेरून दोर, म्हणजे खोकी पांगत नाहीत. आम्हांला पडायला शिकवणारा ब्रदर थॅडियस रविवारी पार्कात सांगतो की माणूस खोक्यावर पडत नाही, खोक्यातल्या हवेवर पडतो. श्वास बाहेर सोडायचा. भरलेली छाती फुग्यासारखी फुटते. जमीन बघायची नाही, आभाळ बघायचं. पोटात काय होतं ते उडी झाली की लिहीन. पार्कात वीस फुटांवरून पडले आहे, पण वीस आणि बत्तीस यांत काय फरक ते मलाही बघायचं आहे. तुझ्यासारखीच चौकस आहे ना मी.

अजून तालीम मात्र दिली नाही. स्टंटचा प्रमुख मिस्टर रॉर्क म्हणतो, पोरी, घाई कसली, घोडे धर. म्हणून घोडे धरते. घोडे ओळखतात मला. बाबांचा हात असावा माझ्या हातात.

मागच्या वर्षी आपल्या लोकांनी तक्रार केली, की काळ्या नटाच्या जागी गोऱ्याला रंग फासून पाडता, मग आम्ही कशाला आहोत? त्यातून हे माझं नाव छापलं गेलं. ही एक उडी पडद्यावर गेली की स्टंटवाल्यांच्या युनियनचं कार्ड. बाईचं, आपल्यातल्या बाईचं. म्हणून थांबते.

तुझ्या शब्दांची वाट बघणारी,
व्हर्डी


लॉस एंजेलिस
२४ सप्टेंबर १९६९

चि. व्हर्डी हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक कानपिळणी.

अगं भवाने, तिथं खातेस तरी काय? आज मिसेस ड्रेशरनं माझ्या टेबलावर तुझ्या सिनेमाचा पिवळा फ्रॉक ठेवला. सोबत चिठ्ठी, त्यावर नाव नाही, फक्त मिस गिब्जची डुप्लिकेट, आणि मापं. खांदे साडेएकोणीस इंच! कंबर छत्तीस! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ईस्टरला तुझा ड्रेस मीच शिवला, तेव्हा खांदे पंधरा होते. दोन आठवड्यांत साडेचार इंच? घोडे धरतेस की उचलतेस? आणि छातीला आकार देणारे टक्स उसवा असंही लिहिलं आहे. सिस्टर विनीच्या पावातली साखर सगळी खांद्यात गेली म्हणायची.

थट्टा राहू दे. कदाचित आत गाद्या बांधत असतील, म्हणून मोठं माप, असं मी मनाशी जुळवलं. बरोबर ना? तसं असेल तर मला आनंद आहे, चार इंच गादी मला चालेल, दहा इंच असली तरी चालेल.

बत्तीस फूट म्हणजे किती ते मी मोजलं. आपल्या घराचं छप्पर, त्यावर पुन्हा आपलं घर, आणि त्यावर तू हात वर करून उभी. मोजून खाली बसले.

फ्रॉक दहा तारखेच्या पेटीतून तिकडे निघेल. पिवळा रंग तुला शोभतो, लहानपणापासून. आईचा जीव तुझ्या अवतीभवती आहे हे जाणून राहा.

मोझेल


ड्राय वेल्स
२८ सप्टेंबर १९६९

ती. आई,
सा. न.

माझे खांदे पंधराच आहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मग कुंपणापाशी गेले. सकाळीच बसमधून एक गोरा माणूस उतरला होता, डेल हॅक्स्टन. मला वाटलं डाकूंपैकी असेल. तुझं पत्र वाचून त्याच्या खांद्यांकडे पाहिलं आणि कळलं.

दुपारी रंगपटवाल्यानं मला बोलावलं. आनंदानं गेले, वाटलं माझी वेळ आली. त्यानं मला बाही वर करायला सांगितली. शेजारच्या खुर्चीत डेल, त्याच्या हातावर तपकिरी रंगाचे तीन पट्टे. रंगपटवाल्यानं माझा हात त्याच्या हाताला लावून पाहिला, मधला पट्टा जुळतो म्हणाला, आणि मला थँक्यू म्हणाला. आई, मी इथं त्यासाठी होते. घोडे धरायला आणि रंग जुळवायला.

मी रॉर्ककडे गेले. तो म्हणाला, पोरी, नाव छापलंय ना तुझं? सगळ्यांना दाखवता येईल असं नाव आहे. पडणं पुरुषाचं काम आहे, तुला काही झालं तर तुझीच माणसं बोंब मारतील. डेल वाईट नाही. संध्याकाळी येऊन म्हणाला की बाईचा केसांचा टोप पहिल्यांदाच घालतोय, खाजतो, आणि घरी तीन मुलं आहेत. टोपाला आतून सुती अस्तर लाव म्हणाले.

ब्रदर थॅडियसला फोन केला. तो म्हणाला, निघून येऊ नकोस, आलीस तर पोरगी भ्याली असं म्हणतील आणि पुढची दहा वर्षं तेच सांगतील. पण नुसतं उभं राहून बघायचं तरी कसं?

उडी शनिवारी, अकरा तारखेला. तू ये म्हणालीस तर मी येते. तुला तेच हवं असेल, मला माहीत आहे. तसं लिहिलंस तरी मी रागावणार नाही.

व्हर्डी


लॉस एंजेलिस
२ ऑक्टोबर १९६९

चि. व्हर्डी हिस,
पोटभर आशीर्वाद.

आधी कबुली देते. तुझं पत्र वाचून मला आनंद झाला. राग नंतर आला, आधी आनंद. व्हर्डी पडणार नाही, व्हर्डी जमिनीवर घोडे धरून उभी आहे! मी चवळी शिजवली, दोनदा वाढून घेतली, आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा सलग झोपले.

दुसरी कबुली. त्या चिठ्ठीवरून मला कळायला हवं होतं. अकरा वर्षं मी गोऱ्या पुरुषांच्या कॉलरवरून तो तपकिरी रंग काढते आहे. आधी थंड पाणी, मग व्हिनेगर, गरम पाणी लावलं की तो कायमचा बसतो. कॉलर हातात आली की कोणाला फासला होता हे मी न बघता सांगते. आणि तुझं छापील नाव बघून एवढी खुळावले की साडेएकोणीस इंचांचे खांदे माझ्या पोरीला चिकटवले.

तुझ्या बाबांबद्दल तुला अर्धंच सांगितलं आहे, तू तेरा वर्षांची होतीस. त्या दिवशी आपल्यातल्या एका नटाला सज्ज्यावरून फेकायचं होतं. रंग फासणारा माणूस आला नाही. मग कोणीतरी बाबांकडे बोट दाखवून म्हणालं, होझेयाला शर्ट घाला, त्याला तर रंगही लागणार नाही. खाली पेंढा होता, खोकी नव्हती. तीन आठवड्यांनी ते गेले. कागदावर काय लिहिलं होतं ठाऊक आहे? घोड्यांचा नोकर, चारा चढवताना घसरला. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, मी अंगठा दिला. वाचायला आल्यावर तो कागद पेटीतून काढून वाचला, आणि पुन्हा एकदा विधवा झाले.

त्यांचं पडणं झालं पण कागदावर नाही. तुझं कागदावर आहे पण होणार नाही. हे मी दोन दिवस इस्त्री करता करता घोळवत होते.

काल मिसेस ड्रेशरला विचारलं की हा फ्रॉक कोणाचा? डुप्लिकेटचा, ती म्हणाली. डुप्लिकेट कोण? ती वैतागली. मोझेल, तुला वाचता येतं ना, दारावर यादी आहे. मग मी दारापर्यंत गेले, तिसरं पान काढलं, आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. तिनं मापांची चिठ्ठी उचलली, स्वतःच्या खिशात घातली आणि जेवायला गेली. ती वेंधळी बाई नाही. एवढंच सांगते.

मी फ्रॉक यादीप्रमाणे शिवला आहे. खांदे पंधरा, कंबर सव्वीस. शिवणीतलं जास्तीचं कापड कापून टाकलं, उसवून वाढवता येणार नाही. दुहेरी टीप घातली. पाठीच्या कण्याच्या जागी आतून जाड लोकरीची पट्टी शिवली आहे, बाबांच्या खोगिराखालच्या घोंगडीची. त्या घोंगडीचा मी इतकी वर्षं काहीच उपयोग केला नव्हता. आणि गळ्यातल्या फितीवर तुझं नाव लिहिलं, पूर्ण.

आता नीट ऐक. तू पडावंस म्हणून मी हे केलेलं नाही. मला तू पडायला नकोच आहेस, आजही नको, शनिवारीही नको. वर गेल्यावर तुझे गुडघे नाही म्हणाले तर खाली उतर, मी कोणालाही उत्तर देईन. पण ते नाही तुझं असू दे, रॉर्कचं नको. माझंही नको. म्हणून मी ये असं लिहीत नाही, आणि नको येऊस असंही लिहीत नाही.

खोकी स्वतः मोज. दोर स्वतः ओढून बघ.

पत्र मिळाल्याचं कळव, आणि शनिवारनंतर काहीही झालं तरी आधी मला कळव.

आई


ड्राय वेल्स
१२ ऑक्टोबर १९६९, रविवार

ती. आईस,
कृतानेक दंडवत. मी धडधाकट आहे. हे आधी वाच, मग बस, मग बाकीचं.

काल डेलला पहाटेपासून रंग लावत होते. मग पेटी उघडली. त्यानं फ्रॉक डोक्यावरून घातला आणि कोपरापाशी अडकला. डोकं आत, हात वर, पिवळ्या फुलांतून नुसता आवाज, की अरे कोणीतरी काढा मला. चार माणसांनी ओढून काढला. डाकू हसून हसून खुर्च्यांवरून खाली पडायचे बाकी होते. रॉर्क ओरडला की उसवा! इथल्या कपडेपटाच्या बाईनं आत बघितलं आणि म्हणाली, उसवायला शिवणीत काही ठेवलंच नाहीये, हे कोणी शिवलंय, गवंड्यानं?

स्टुडिओ नऊ तासांवर. मनोऱ्यावर ऊन दुपारी तीनपर्यंतच असतं, रविवारी सुट्टी, आणि मनोरा सोमवारी पाडायचा ठरला होता. दिग्दर्शकानं विचारलं की हा कोणाच्या मापाचा आहे? डेलनंच गळा उलटा करून फीत वाचली, मग तो फ्रॉक माझ्या हातात दिला. माझं नाव नाही यावर, मिस्टर रॉर्क, असं म्हणाला. अर्धं तोंड रंगलेलं, टोप वाकडा. मिस गिब्ज जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. म्हणाली, मी धावायला तयार आहे, पण माझ्या जागी कोण पडतं ते आज मी बघणार.

रॉर्क मला म्हणाला, पोरी, जमेल? मी म्हटलं, खोकी मोजून सांगते. एकशे चौदा होती. एका कोपऱ्यात दोन फाटलेली निघाली, डेलनं ती बदलली, दोर त्यानंच पुन्हा आवळले.

वर गेल्यावर गुडघे नाही म्हणाले. तुला खोटं सांगत नाही. कठड्याला पाठ लावून उभी राहिले, आणि तुझी ती पट्टी मणक्याला टोचत होती, सरळ उभं राहायला लावत होती. घोंगडीला अजून घोड्याचा वास आहे, आई. मग गुडघे काही बोलले नाहीत.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पोट मागे राहतं, आपण पुढे निघून जातो. आवाज सगळा बंद होतो. आभाळ दूर जात नाही, मला वाटलं होतं जाईल, ते तिथंच असतं आणि मनोरा वर पळतो. श्वास सोडत होते तो संपायच्या आत खोक्यांचा आवाज आला, कोणीतरी मोठा पाव मोडावा तसा. बत्तीस फूट म्हणजे वीस फूट अधिक एक विचार. विचार काय होता ते आठवत नाही.

पहिल्या वेळी कॅमेऱ्यासमोरून पाखरू गेलं म्हणून पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदा डावं मनगट मुरगळलं. हे अक्षर वाकडं नाही ना? उजव्यानं लिहिते आहे.

संध्याकाळी रॉर्क म्हणाला, तुमच्या शिंपिणीनं घोळ घातला, तिला सांग. सांगितलं. पुढच्या सिनेमासाठी त्यानं मला विचारलं नाही, डेललाच घेतलं. पण कालच्या दिवसाच्या कामाच्या कागदावर स्टंट म्हणून माझं नाव आहे आणि त्याखाली दिग्दर्शकाची सही. नक्कल ब्रदर थॅडियसला पाठवली.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते लिही. मला झोप नाही.

तुझी
व्हर्डी


लॉस एंजेलिस
१७ ऑक्टोबर १९६९

चि. व्हर्डी हिस,
आशीर्वादांना आज मोजमाप नाही.

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं, बसायचं विसरले. मनगटाला मीठपाण्याचा शेक दे. सिस्टर विनीला सांग की मोझेलनं पावातली साखर माफ केली.

नोकरी आहे. मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी म्हटलं की चिठ्ठीवर नाव नव्हतं, यादीवर होतं, मी छापलेलं खरं मानलं, यादी खोटी असेल तर मला तसं लिहून द्या. कोणी लिहून दिलं नाही. मिसेस ड्रेशर शेजारी उभी होती, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मला शिवणावरून काढून पुन्हा धुण्याला लावलं आहे. हरकत नाही, हातांना सवय आहे.

पण त्यांनी एक नवा नियम काढला आहे, ते ऐक. पुन्हा असा घोळ नको म्हणून यापुढे प्रत्येक मापाच्या चिठ्ठीवर कपडा घालणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं, कोणाचा डुप्लिकेट तेही, आणि खाली सही. काल पहिली आली. एका नटाचा डुप्लिकेट, आपल्यातल्या नटाचा बरं का, आणि नाव डेल हॅक्स्टन. सहीसकट. कपड्यांबरोबर चिठ्ठ्या धुण्याला येतात आणि मग केरात जातात. मी त्या आधी वाचून माझ्या वहीत उतरवते, तारखेसकट. ब्रदर थॅडियस वही बघून म्हणाला, सिस्टर मोझेल, आजवर स्टुडिओवाले म्हणायचे की असं कुठं होतं, दाखवा. मी म्हटलं, दुसरी वही घ्यावी लागणार आहे.

तुझा फ्रॉक धुवायला आला. बाह्यांवर डेलचा रंग होता, थंड पाण्यानं आणि व्हिनेगरनं निघाला. पाठीवर धूळ होती, खांद्यापासून कमरेपर्यंत एकसारखी, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. सपाट पडलीस. दोन्ही वेळा. ती मी लगेच धुतली नाही. थोडा वेळ फ्रॉक तसाच मांडीवर ठेवला. मग धुतली, कारण ते माझं काम आहे.

गुरुवारी नववा खंड आणायला गेले. मिस आयडा जेवायला गेली होती. मी गोल जिन्याखाली उभी राहिले आणि मग चढले. पायऱ्या बावीस. वर कठड्याला पाठ लावून बघितलं, खाली नाही, वरच्या काचेतून आभाळाकडे. श्वास बाहेर सोडला. तू म्हणतेस ते खरं आहे, ते तिथंच असतं.

खंड काखेत धरून एका हातानं खाली उतरले. दहाव्यासाठी पुन्हा चढेन.

घरी ये आता. चवळी भिजत घातली आहे.

तुझी आई
मोझेल पेटिग्रू